वाचक विचारतात : जुन्या युद्धनौका, नवे धोके

तांबड्या आणि काळ्या समुद्रात जहाजांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून अनेकांनी युद्धनौकांच्या आधुनिकीकरणाबद्दल विचारले आहे. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरांतली आकडेमोड विषय समजण्यापुरती आहे. ती कुठल्या एका जहाजाची मोजमापे समजू नयेत.

प्रश्न : उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावरून लांबच्या जहाजाचे फक्त धुराडे आणि डोलकाठी दिसते, खालचे अंग दिसत नाही. रडारलाही ही अडचण येते का? येत असेल तर शेकडो किलोमीटर पल्ल्याच्या रडारचा उपयोग काय?
– एक वाचक, द्रोणागिरी

उत्तर : अडचण अगदी हीच. रडारलहरी हवेत किंचित खाली वाकतात म्हणून रडारचे क्षितिज डोळ्याच्या क्षितिजापेक्षा थोडे पुढे असते, एवढाच फरक. रडारची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींच्या वर्गमुळांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. अंतर किलोमीटरमध्ये मिळते. रडार २५ मीटरवर आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून ५ मीटरवर असेल तर उत्तर येते जेमतेम ३० किलोमीटर. माहितीपत्रकातला अडीचशे किलोमीटरचा पल्ला उंचावरून उडणाऱ्या विमानासाठी असतो.

आता वेळ मोजू. सेकंदाला ३०० मीटर जाणारे क्षेपणास्त्र हे ३० किलोमीटर १०० सेकंदांत कापते. मिनिटाला १२ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या रडारची एक फेरी ५ सेकंदांची. एका ठिपक्यावर कोणी क्षेपणास्त्र सोडत नाही. तीन फेऱ्यांत तो दिसला की माग पक्का होतो. तोवर १५ सेकंद गेलेले असतात आणि लक्ष्य साडेपंचवीस किलोमीटरवर आलेले असते. आपले प्रतिक्षेपणास्त्र सेकंदाला सरासरी ६०० मीटर वेगाने निघाले तर गाठ पडते १७ किलोमीटरवर. ते हुकले हे कळायला सात-आठ सेकंद लागतात. दुसरे भिडते १० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दोन संधी, फार तर तिसरी, आणि शेवटी तोफ.

ध्वनीच्या अडीचपट वेगाने १० मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र ३३-३४ किलोमीटरवर दिसते आणि ४० सेकंदांत पोहोचते. माग पक्का करण्याच्या १५ सेकंदांतच ते जवळपास १३ किलोमीटर आत आलेले असते. पहिली गाठ ९ किलोमीटरच्या आत पडते; दुसरीला वेळच उरत नाही. कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गांवर चार दिशांना स्थिर पॅनेल असलेले एमएफ-स्टार रडार आहे. असे रडार माग पक्का करायला दोन-तीन सेकंद घेते. वाचलेले १२ सेकंद म्हणजे वाचलेले १० किलोमीटर! म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की पैसा मोजका असेल तर तो क्षेपणास्त्रांची संख्या वाढवण्याआधी रडार आणि निर्णययंत्रणेवर घालावा.

क्षितिजावर खरा उपाय मात्र उंचीच. कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरने रडार ३,००० मीटरवर नेले की तेच सूत्र २३० किलोमीटरपुढचे उत्तर देते. दुसरा उपाय म्हणजे एका जहाजाने पाहायचे आणि दुसऱ्याच्या क्षेपणास्त्राने मारायचे; आयएनएस कोची आणि आयएनएस चेन्नई यांनी मे २०१९ मध्ये एमआरसॅम या मध्यम पल्ल्याच्या हवाई-बचाव क्षेपणास्त्राची अशी संयुक्त चाचणी केली.

आणि यंत्रणा चालू हवी. १४ जुलै २००६ रोजी लेबनॉनच्या किनाऱ्यापुढे इस्रायलच्या हानित नौकेला किनाऱ्यावरून सोडलेले क्षेपणास्त्र लागून चार खलाशी गेले. बचावाची यंत्रणा जहाजावर होती, पण त्या घडीला ती कार्यरत नव्हती.

प्रश्न : दिल्ली वर्गाच्या विनाशिकांवर ब्रह्मोस बसले. मग प्रत्येक जुन्या फ्रिगेटवर ब्रह्मोस आणि एमआरसॅम का बसवत नाहीत? डेकवर जागा तर दिसते.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : डेकवरची जागा फसवी असते. जहाज आधी भरते ते वजनाने, आणि ते वजन किती उंचावर आहे याने. दिल्ली वर्गावर आधी उरान क्षेपणास्त्रे होती. एकेक साधारण ६०० किलोचे. ब्रह्मोस कॅनिस्टरसह चार टनांच्या घरात जाते. आठ बसवली तर तीस टनांहून जास्त वजन मुख्य डेकच्या पातळीवर येते.

रडारचे उदाहरण घ्या. ६,००० टनांच्या जहाजावर १० टनांचे रडार गुरुत्वमध्यापासून २० मीटर वर बसवले, तर जहाजाचा गुरुत्वमध्य १० गुणिले २० भागिले ६,०१० इतका, म्हणजे ३.३ सेंटिमीटर वर सरकतो. आकडा किरकोळ वाटतो. पण कललेल्या जहाजाला परत सरळ करणारी मेटासेंट्रिक उंची, जिला गोदीत सगळे जीएम म्हणतात, ती अशा जहाजात एखाद-दीड मीटरच असते. रडार, त्याचा जाड केलेला आधार, नवी डोलकाठी, शत्रूचे रडार गोंधळवणारा जॅमर, डिकॉयचे म्हणजे फसव्या लक्ष्यांचे लाँचर, वरची केबल असे एकेक करत वीस-पंचवीस सेंटिमीटर कधी गेले ते कळत नाही. वादळात किंवा एक-दोन कप्प्यांत पाणी शिरल्यावर हीच वजाबाकी अंगाशी येते.

म्हणून मोठ्या रिफिटनंतर, म्हणजे गोदीतल्या दुरुस्ती-सुधारणेनंतर, कल-चाचणी करावीच लागते. वारा आणि लाटा नसलेली वेळ निवडतात. जहाज धक्क्याला बांधणारे दोर सैल सोडतात, टाक्या एकतर काठोकाठ भरतात किंवा पूर्ण रिकाम्या करतात, अनावश्यक माणसे उतरवतात. मग मोजलेले वजन डेकवर आडवे सरकवून कल मोजतात. समजा २० टन १२ मीटर सरकवले आणि जहाज ६,००० टनांचे आहे. चार मीटर लांबीचे तीन लंबक पुढे, मध्ये आणि मागे टांगलेले असतात. ते १६ सेंटिमीटर हलले तर कोनाचा टॅन्जंट ०.०४ आणि जीएम बरोबर १ मीटर. लंबकाचे वजन तेलाच्या किंवा पाण्याच्या कुंडात बुडवून ठेवतात, नाहीतर ते थरथरत राहते. चाचणी फसते ती बहुधा अर्धवट भरलेल्या टाकीमुळे, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, राहिलेल्या पाण्यामुळे किंवा ताणलेल्या दोरामुळे. तिन्ही लंबकांचे आकडे जुळले नाहीत तर चाचणी पुन्हा करायची. सरासरी काढून पुढे जायचे नाही.

एमआरसॅमची गोष्ट आणखी वेगळी. क्षेपणास्त्रच साडेचार मीटर लांब, त्यामुळे उभ्या लाँचरला खालचे दोन डेक तरी मोकळे लागतात. तिथे आधी राहण्याच्या खोल्या, वायुवीजनाचे डक्ट, केबलचे मार्ग असतात. शिवाय मुख्य डेक कापणे म्हणजे जहाजाच्या कण्याला हात घालणे. लाटेवर जहाज वर-खाली वाकते तेव्हा ताण याच डेकवर येतो. चौकोनी भोकाच्या कोपऱ्याला गोलाई कमी पडली तर तडा तिथूनच सुरू होतो. भोकाभोवती जाड पोलादाची प्लेट मूळ प्लेट कापून आत बसवायची, वरून पट्टी जोडून भागवायचे नाही, आणि प्रत्येक वेल्ड क्ष-किरण किंवा अल्ट्रासोनिकने तपासायचा.

खरे कौशल्य बसवण्यात नसून काढण्यात आहे. जुन्या यंत्रणा गेल्या तरी त्यांची केबल भिंतीमागे तशीच पडून राहते. ती ओढून काढली की टनांनी वजन उतरते. रंगाचेही तसेच. आतबाहेर मिळून १०,००० चौरस मीटरवर नव्या थरांची जाडी एक मिलिमीटर वाढली तर १० घनमीटर, म्हणजे सुमारे १५ टन रंग चढला. जुना रंग न खरवडता वरून मारत राहिले की हे होते. एवढे करूनही जमले नाही तर तळात शिशाचे किंवा पोलादाचे भारवजन ठेवतात. त्याने जीएम सुधारतो, पण जहाज खोल बसते, वेग घटतो आणि पुढच्या सुधारणेसाठी काही उरत नाही. आम्ही ते शेवटचा उपाय मानतो.

प्रश्न : स्वस्त ड्रोनवर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र वाया घालवण्याऐवजी तोफेने का पाडत नाहीत?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पाडतात. मार्च २०२४ मध्ये इटलीच्या काइओ दुइलिओ नौकेने तांबड्या समुद्रात ७६ मिलिमीटर तोफेने ड्रोन पाडला. अमेरिकेचे एसएम-२ क्षेपणास्त्र सुमारे २० लाख डॉलरचे आणि ड्रोन त्याच्या दोन-तीन टक्के किमतीचा. हा हिशेब कोणालाच परवडत नाही. किमतीहून मोठी अडचण साठ्याची आहे, कारण उभ्या लाँचरमध्ये भर समुद्रात क्षेपणास्त्रे भरणे फार अवघड. समजा ३२ आहेत, ती संपली की बंदर गाठावे लागते.

पण तोफेकडे वळताना तीन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली रडारच्या सॉफ्टवेअरमध्ये. पक्षी आणि लाटा वगळण्यासाठी जुनी रडार हळू हलणाऱ्या वस्तू गाळून टाकतात. सेकंदाला ५० मीटरने येणारा पंख्याचा ड्रोन त्या गाळणीत सापडू शकतो. वेगाची मर्यादा खाली आणली की ड्रोन दिसतो, आणि त्याच्याबरोबर बगळ्यांचे थवे आणि किनाऱ्यावरच्या रस्त्यावरचे ट्रकही दिसू लागतात. म्हणून मर्यादा नुसती खाली आणून भागत नाही. थर्मल कॅमेऱ्याने खातरजमा करायची जोड द्यावी लागते.

दुसरी गोष्ट गोळा फोडणारा फ्यूज. ड्रोनला गोळा थेट लागणे दुर्मीळ. गोळा जवळून जाताना फुटला पाहिजे. पाण्यालगत उडणाऱ्या लक्ष्यावर जुना समीप-फ्यूज लाटेलाच लक्ष्य समजतो. मार्च २०२४ मध्ये डेन्मार्कच्या इव्हेर हुइटफेल्ट फ्रिगेटवर ७६ मिलिमीटरचे बरेच गोळे वेळेआधी फुटले, आणि त्याच चकमकीत रडार व युद्ध-व्यवस्थापन प्रणालीच्या बिघाडामुळे क्षेपणास्त्रे सुमारे अर्धा तास डागता आली नाहीत. हे प्रकरण इतके तापले की एप्रिलमध्ये त्या देशाच्या संरक्षणदल प्रमुखांना पदावरून दूर केले गेले. दारूगोळ्याच्या प्रत्येक लॉटमधले काही गोळे दरवर्षी प्रत्यक्ष लक्ष्यावर झाडून पाहणे, हा यातून घ्यायचा धडा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्या प्रोग्रॅमेबल गोळ्याला झाडण्याआधी किंवा नळीतून निघताना फुटण्याची वेळ सांगितली जाते. त्यासाठी तोफेवर वेगळा संच आणि अचूक अंतरमापन लागते.

तिसरी गोष्ट गोळ्यांचा साठा. आपल्या नौकांवरची ३० मिलिमीटरची एके-६३० मिनिटाला चार-पाच हजार गोळ्या झाडते आणि तिच्या पेटीत २,००० गोळ्या असतात. म्हणजे एकूण मारा पंचवीस-तीस सेकंदांचा. छोट्या छोट्या फैरी झाडूनच ती चालवतात. अमेरिकेच्या ग्रेव्हली विनाशिकेने ३० जानेवारी २०२४ रोजी असेच जवळचे शस्त्र वापरले तेव्हा क्षेपणास्त्र जहाजापासून सुमारे एका मैलावर आले होते. त्या अंतरावर पाडले तरी तुकडे जहाजावर येऊ शकतात.

प्रश्न : मी चिलर-एसीच्या देखभालीचे काम करतो. युद्धनौकेवर लेझर बसवायचा तर किती टनाचा चिलर लागेल?
– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : फायबर लेझरची कार्यक्षमता साधारण एक-तृतीयांश धरा. १०० किलोवॅटच्या किरणाला ३०० किलोवॅट वीज लागते आणि २०० किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागते. तुमच्या हिशेबात ती ५७ टन रेफ्रिजरेशन. पाण्याच्या तापमानात ६ अंशांची वाढ चालवून घेतली तर सेकंदाला ८ लिटर पाणी फिरवावे लागेल. लेझर सलग चालत नाही, म्हणून थंड पाण्याची साठवण टाकी देऊन चिलर लहान ठेवता येतो. पण टाकीचे वजन आले, आणि ती अर्धी भरलेली राहता कामा नये.

लेझरच्या आधी रडारचेच भागवणे कठीण असते. पॅनेल-रडारचे थंडाव्याचे पाणी थांबले की ते स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते, आणि तेही नेमके लढाईत. म्हणून एक चिलर बिघडला तरी उरलेले पुरतील इतके ठेवायचे, आणि पाण्याचे वर्तुळ झडपांनी तुकड्यांत तोडता यावे, म्हणजे एका ठिकाणी पाइप फुटला तर सगळे जहाज गरम होणार नाही. अरबी समुद्राचे पाणी उन्हाळ्यात ३० अंशांपुढे जाते, हे थंड देशांच्या तक्त्यांत नसते. ब्रिटनच्या टाइप-४५ विनाशिकांच्या टर्बाइनमधली हवा थंड करणारा इंटरकूलर आखातातल्या उष्णतेत कमी पडला आणि भर समुद्रात वीज जाऊ लागली. उपाय म्हणून २ मेगावॅटची दोन डिझेल जनित्रे काढून ३ मेगावॅटची तीन बसवावी लागत आहेत. त्यासाठी जहाजाची बाजू कापावी लागते.

तुमच्या कामाचा आणखी एक मुद्दा. समुद्राच्या पाण्याच्या नळ्या तांबे-निकेलच्या, ९०-१० मिश्रधातूच्या असतात. स्वच्छ खाऱ्या पाण्यात त्या वर्षानुवर्षे टिकतात, पण बंदरातल्या सांडपाण्यातले सल्फाइड त्यांचे संरक्षक कवच खाते. जहाज गोदीत उभे राहणार असेल तर नळ्यांत बंदराचे पाणी साचू द्यायचे नाही. गोड्या पाण्याने धुऊन ठेवायचे.

आपल्याकडे डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलला ३० किलोवॅटचा लेझर दाखवला. समुद्रावर दमट, खारट हवा किरण पसरवते, लक्ष्यावर काही सेकंद तो स्थिर धरावा लागतो आणि एका वेळी एकच लक्ष्य घेता येते. त्यामुळे तोफ काढून त्या जागी लेझर, हा विचार आम्हाला आज पटत नाही.

प्रश्न : स्फोटके भरलेल्या बिनमाणसाच्या होड्यांनी रशियाची जहाजे बुडवली. आमच्या मासेमारी होड्यांवरही आता संशय येणार का?
– दिवाळे कोळीवाडा, बेलापूर येथील एक वाचक

उत्तर : दादा, प्रश्न रास्त आहे. युक्रेनच्या मागुरा होड्या सुमारे साडेपाच मीटर लांब, पाण्यावर अर्धा मीटर, आणि ४० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटरपर्यंत, धावतात. २०२४ च्या पहिल्या अडीच महिन्यांत त्यांनी इव्हानोव्हेत्स, त्सेझर कुनिकोव्ह आणि सेर्गेई कोटोव्ह ही तीन जहाजे बुडवली. एकामागून एक होडी त्याच जखमेवर आदळवायची, अशी त्यांची पद्धत.

लाटांच्या गर्दीत अशी होडी रडारवर उशिरा उमटते. ४ किलोमीटरवर दिसली तर हातात तीन मिनिटे असतात. थर्मल कॅमेऱ्याची दूरनियंत्रित १२.७ मिलिमीटर बंदूक, जवळची ३० मिलिमीटर तोफ, आणि दोन्ही बाजूंना तसेच मागे एकही आंधळा कोन न राहील अशी त्यांची मांडणी, ही गरज आहे. जुन्या जहाजांवर मागचा कोन बहुधा हेलिकॉप्टरच्या हँगरने झाकलेला असतो. बंदरात उभे असताना तरंगते अडथळे लागतात.

ओळख पटवणे मात्र सर्वांत कठीण, कारण भाऊचा धक्का ते मोरा-रेवस या पट्ट्यात लाँच, बार्ज आणि होड्या एकमेकांना चिकटून जातात. तुमच्या बाजूने तीन गोष्टी कराव्यात. होडीची ओळख आणि ठिकाण कळवणारा ट्रान्सपाँडर बसवला असेल तर तो बंद करू नका. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरहून एक लाख होड्यांसाठी ही योजना सुरू झाली आहे. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६ लावून ठेवा आणि हाक आली की उत्तर द्या. आणि युद्धनौकेच्या पुढून झपकन ओलांडू नका. वेग कमी करून मागून जा. सरळ रेषेत वेगाने येणारी होडी हीच धोक्याची पहिली खूण मानली जाते.

प्रश्न : आमच्या शॉपमध्ये इलेक्ट्रिकल पॅनेल आणि कॅबिनेट बनतात. नौदलाच्या कामात उतरायचे आहे. काय वेगळे असते?
– लघुउद्योजक, रबाळे एमआयडीसी

उत्तर : जेएसएस ५५५५५ या मानकाच्या चाचण्या आणि विद्युतचुंबकीय व्यत्ययासाठी एमआयएल-एसटीडी-४६१, हे दोन कागद आधी मुळातून वाचा. कंपन, धक्के, दमट उष्णता, खारे धुके, बुरशी, सगळे त्यांत येते. चाचणी नमुन्याला होते आणि मान्यता त्या रेखाचित्राला मिळते. नंतर पत्र्याची जाडी किंवा बिजागरी बदलली तर मान्यता गेली असे समजा.

नापास होण्याची कारणे ठरावीक आहेत. कॅबिनेट धक्के शोषणाऱ्या शॉक-माउंटवर डोलते, पण शेजारच्या भिंतीपासून पुरेसे अंतर ठेवलेले नसते, म्हणून धक्क्यात ते भिंतीवर आपटते. केबल ताणून बांधलेली असते. माउंट जितका हलतो त्याहून मोठा सैल वळसा द्यायला हवा. कार्ड खाचेतून निसटतात, त्यांना पाचरीसारखे घट्ट धरणारे वेज-लॉक लावा. रिले धक्क्याने क्षणभर उघडतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस बोल्ट उघडा बसवला की सहा महिन्यांत पांढरी पूड निघू लागते. मध्ये इन्सुलेशन किंवा योग्य लेप हवा. नौदलाच्या रंगांवर आणि गंजावर अंबरनाथच्या एनएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत संशोधन चालते, तिथले काम पाहण्यासारखे आहे.

व्यत्ययाच्या चाचणीत सर्वाधिक पॅनेल पडतात ती रंगाऱ्यामुळे. दाराच्या वाहक गॅस्केटची बैठक आणि अर्थिंगची तार जोडायचा धातूचा उंचवटा (बॉस) यांवर रंग चढतो आणि धातूचा धातूशी संपर्क तुटतो. मास्किंग टेपची जागा रेखाचित्रातच दाखवा आणि रंगानंतर मिलिओहममीटरने प्रत्येक जोड मोजा. हे किरकोळ समजू नका. ४ मे १९८२ रोजी ब्रिटनच्या शेफील्ड विनाशिकेवर उपग्रह संदेशवहन चालू असताना शत्रूच्या रडारची चाहूल देणारा संच झाकोळला गेला होता. एक्झोसेट क्षेपणास्त्र लागले आणि २० जण गेले. डेकवरचा साधा गंजलेला बोल्टही जवळच्या ट्रान्समीटरच्या लहरी मिसळून नव्या, नको त्या लहरी तयार करतो.

पाण्याने थंड होणाऱ्या कॅबिनेटमध्ये पाइप कधीही कार्डांच्या वरून नेऊ नका. दमट खोलीत ७ अंशांच्या पाइपवर दव धरतेच.

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत रिफिट चालू असताना आयएनएस ब्रह्मपुत्रला आग लागली, नंतर ती कलंडली आणि एका खलाशाचा जीव गेला. आगीने जहाज कलंडते कसे?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : त्या घटनेच्या चौकशीत आम्ही जात नाही, त्यामागचे सर्वसाधारण शास्त्र सांगतो. आग विझवणारे पाणी जहाजातच राहते. ३,८५० टनांचे जहाज घ्या आणि १५ मीटर लांब, १२ मीटर रुंद असा एक कप्पा. त्यात १० सेंटिमीटर पाणी साचले, म्हणजे १८ टन. वजन नगण्य, पण जहाज जरा कलले की सगळे पाणी त्याच बाजूला धावते. लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२, त्याला पाण्याच्या घनतेने गुणून जहाजाच्या वजनाने भागा. जीएममधून ५७ सेंटिमीटर वजा! पाण्याची खोली या सूत्रात येतच नाही, येते ती रुंदी, आणि तीही घनात. तोच कप्पा मधोमध उभ्या भिंतीने विभागला असता तर तोटा १४ सेंटिमीटरवर आला असता. मिनिटाला ५०० लिटरच्या दहा होजनी हे १८ टन चार मिनिटांच्या आत भरतात.

त्यात रिफिटमध्ये जहाज आधीच दुबळे असते. इंधनाच्या टाक्या रिकाम्या, म्हणजे तळातले वजन गेलेले. दारे आणि हॅच यांतून वेल्डिंगच्या केबल आणि हवेच्या नळ्या गेलेल्या, म्हणून ती बंद होत नाहीत. अग्निशमनाचा पाइप दुरुस्तीसाठी तोडलेला. आधुनिकीकरणात केबलसाठी भिंतींना नवी भोके पडतात आणि ती भरेपर्यंत धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात मोकळा फिरतो.

काम करणाऱ्यांनी पाळायचे ते असे. दारातून जाणाऱ्या प्रत्येक केबलला आणि नळीला दाराजवळच झटकन सुटणारा जोड. वेल्डिंग चालू असलेल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आग-पहारेकरी, काम संपल्यावरही अर्धा तास. भोक पाडले त्याच दिवशी तात्पुरते का होईना, अग्निरोधक भरण. आग लागली तर एका माणसाने फक्त पाण्याचा हिशेब ठेवायचा, म्हणजे किती आत आले, किती उपसले, कुठल्या डेकवर आहे. आणि कल ठरावीक अंशांपुढे गेला की पाणी थांबवून फोम व फवाऱ्यावर यायचे. १२ जुलै २०२० रोजी सॅन दिएगोत बॉनहोम रिचर्ड हे अमेरिकेचे जहाज देखभालीत असताना पेटले, चार दिवसांहून अधिक जळले आणि भंगारात गेले. फोम सोडण्याचे बटण होते. ते वेळेत कोणी दाबले नाही.

प्रश्न : कुठल्या जहाजावर खर्च करू नये, हे कसे ठरवतात?
– निवृत्त बँक अधिकारी, वाशी

उत्तर : आधी पोलाद मोजून. आमचा आग्रह असा, की करार होण्यापूर्वी अल्ट्रासोनिक जाडीमापन पूर्ण झालेले असावे. झीज लपते ती न्हाणीघरांच्या आणि स्वयंपाकघराच्या खाली, बिल्जमध्ये, समुद्राचे पाणी घेणाऱ्या पेट्यांत आणि पाण्याच्या रेषेलगतच्या पट्ट्यात. ब्रिटनच्या टाइप-२३ फ्रिगेटमध्ये आयुर्वृद्धीचे काम हाती घेतल्यावर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त प्लेट बदलाव्या लागल्या.

दुसरी पायरी म्हणजे उरलेली वर्षे. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले, की सात क्रूझरच्या आधुनिकीकरणावर ३.७ अब्ज डॉलर गेले, त्यांतली तीनच पूर्ण होणार, आणि चारांवरचे १.८४ अब्ज वाया गेले. ती चार सुधारणेनंतर मोहिमेवर न जाताच सेवेतून काढली गेली. काम सुरू झाल्यावर वाढत गेलेले अनपेक्षित काम, हे त्यातले मोठे कारण. पूर्ण झालेल्यांपैकी गेटिसबर्गने २२ डिसेंबर २०२४ रोजी तांबड्या समुद्रात स्वतःच्याच बाजूचे एफ/ए-१८ लढाऊ विमान पाडले. वैमानिक सुदैवाने वाचले. शत्रू-मित्र ओळखण्याची साखळी शस्त्राइतकीच पारखून घ्यावी लागते.

रिफिटनंतर किमान दहा-बारा वर्षे सेवा, वीज आणि थंडाव्यात दहा टक्के तरी शिल्लक, आणि कल-चाचणीत पुरेसा जीएम. यांपैकी दोन नसतील तर आम्ही त्या जहाजाला फक्त नवे डिकॉय, कॅमेरे आणि जवळच्या तोफा देऊ, मोठी शस्त्रे नव्हे.

प्रश्न : चॅफ हा जुना उपाय आता चालतो का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : चालतो, पण एकटा पुरत नाही. चॅफ म्हणजे ॲल्युमिनियमचा लेप दिलेले काचेचे बारीक तंतू. त्यांची लांबी शत्रूच्या रडारच्या निम्म्या तरंगलांबीइतकी हवी. १० गिगाहर्ट्झला दीड सेंटिमीटर, १६ गिगाहर्ट्झला ९ मिलिमीटर. म्हणून एकाच काडतुसात वेगवेगळ्या लांबीचे तंतू भरतात. डीआरडीओच्या जोधपूर प्रयोगशाळेने २०२१ मध्ये नौदलासाठी कमी, मध्यम आणि लांब पल्ल्याचे तीन चॅफ-रॉकेट तयार केले. नवी क्षेपणास्त्रे वाऱ्याबरोबर वाहणारा ढग आणि चालणारे जहाज यांत फरक करू शकतात. त्यामुळे जॅमर आणि स्वतः लहरी सोडणारा तरंगता डिकॉय यांची साथ लागते.

एक गोष्ट रिफिटनंतर हमखास विसरली जाते. ढग कुठे टाकायचा आणि जहाज कुठे वळवायचे हे वाऱ्याची दिशा व वेग पाहून ठरते. नवी डोलकाठी किंवा रडारचा ठोकळा वारामापकाच्या जवळ आला तर तो वीस-तीस अंशांनी चुकीची दिशा दाखवू शकतो, आणि ढग भलत्याच बाजूला जातो. समुद्रातल्या पहिल्या चाचणीत जहाज पूर्ण गोल फिरवून प्रत्येक दिशेला वाऱ्याचे आकडे तपासावेत आणि दुरुस्ती-तक्ता संगणकात भरावा, मगच लाँचर स्वीकारावेत.